गेनबोबाबा लखलखीत झाले!

वस्तू सांभाळायची कशी हे शिकायचं असेल तर राहू गावात यावं आणि सुलक्षणा नवलेचं घर विचारावं, असं मी मागच्या महिन्यापर्यंत छातीठोक सांगत होते. आता कुणी विचारत आलंच, तर ती गावाला गेलीय म्हणून सांगा!

पण तेव्हा माझी ऐटच तशी होती. आमच्या आतल्या खोलीत माझं एक काचेचं कपाट आहे. तिथं ऊन पोचत नाही, ओल येत नाही, आणि किल्ली सदैव माझ्या पदराला. आत जपानची पुस्तकं. चित्रांमधून गोष्ट सांगणारी ही पुस्तकं, त्यांना तिकडं मंगा म्हणतात. आणि त्या गोष्टींतल्या माणसांच्या वीत-वीतभर मूर्ती. साध्यासुध्या नाहीत हं! मोजक्याच काढायच्या, प्रत्येकीवर नंबर टाकायचा आणि साचा मोडून टाकायचा, अशातल्या. खोक्याचा कोपरा दबला तरी आम्हा शौकिनांच्या लेखी ती वस्तू वारली! खोक्याला कात्री लावायची नाही, मूर्तीला उघडा हात लावायचा नाही. मी हातमोजे घालून धूळ झटकते. आमच्या ह्यांनी, म्हणजे विक्रमनी, एकदा मला तशी पाहिली आणि दारातूनच विचारलं, "डॉक्टर, पेशंट वाचंल का?"

हा नाद लागला रांजणगावच्या कंपनीत. मी तिथं क्वालिटी विभागात आहे. जपानहून आलेल्या मोरिता मॅडमनी परत जाताना मला एक पुस्तक दिलं. उजवीकडून डावीकडं वाचायचं. कंपनीच्या वर्गात शिकलेल्या जपानीच्या जिवावर अर्धं कळलं, उरलेलं चित्रांनी सांगितलं. गेनबो नावाचा एक म्हातारा गवई. पाठीला गाठोडं, हातात बिवा नावाचं वाद्य, म्हणजे आपल्या वीणेची आखूड मानेची बहीणच. गावोगाव फिरतो, गातो, गाता गाता गोष्ट सांगतो, आणि गोष्ट संपेस्तोवर गावातलं भांडण मिटलेलं असतं.

अहो, हे तर कीर्तन! माझे वडील तळेगाव ढमढेऱ्यात पखवाज वाजवायचे. मी पाळण्यात कमी आणि कीर्तनाच्या सतरंजीवर जास्त वाढले. देवानं मला सांगितलं की स्वर्ग घे नाहीतर एक चांगलं कीर्तन घे, तर मी विचारीन, "महाराज कोण आहेत?" तेव्हा गेनबोबाबा माझे व्हायला कितीसा वेळ लागणार?

आता आमच्या घराची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं दुःख नीट कळेल. आमच्या घरात बिननावाची वस्तू राहत नाही. ताटावर नाव, वाटीवर नाव, चमच्याच्या दांडीवर मावेल तेवढं नाव. 'मारुतराव स. नवले, राहू' हे सासऱ्यांचं नाव लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी इतक्यांदा वाचलं, की वरणभात जेवताना आबांची हजेरी घेतेय असं वाटायचं! माझ्या रुखवताच्या भांड्यांवर माझ्या वडिलांचं नाव. पंख्यावर आजेसासऱ्यांचं, 'स्मरणार्थ' सकट. माझं नाव मात्र कुठंच नाही. म्हणून तर ते कपाट मला प्यारं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून ते माझं होतं.

ह्या नावांमागं आमच्या सासूबाई, पुतळाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मनानं लोणी! पण फार वर्षांपूर्वी सप्ताहाच्या पंगतीला त्यांची माहेरची पितळी परात गेली, ती परत आलीच नाही. पुढं एका लग्नात त्याच परातीत कणीक मळताना त्यांनी पाहिली. "ही माझी हाय," म्हणाल्या. समोरची बाई म्हणाली, "नाव दाखवा." नाव नव्हतं! त्या दिवसापासून 'नाव न्हाई ती वस्तू गावाची' हा आत्याबाईंचा वेद.

यंदा गेनबोबाबांची गोष्ट संपली आणि शेवटच्या भागाची खास आवृत्ती निघाली. कापडी बांधणीचं पुस्तक आणि सोबत बाबांची पितळी मूर्ती. साऱ्या जगात तीनशे! त्या पितळेवर एका कारागिरानं हातानं जुनाट रंग चढवलेला. काळपट, तपकिरी, मधूनच शेवाळी. जणू शंभर वर्षं ऊनपावसातून चालत आलेत बाबा. सगळं मोल त्या काळपटपणाचं! बुडाशी बारीक कोरलेला नंबर.

दुकान जपानबाहेर पाठवायला तयार नव्हतं. तिथं धावून आला रिजवान. हा विक्रमचा शाळेतला दोस्त, यवतचा, आता नागोयाच्या कारखान्यात नोकरीला. बिचारा सुट्टी टाकून दुकानापुढच्या रांगेत कडाक्याच्या थंडीत उभा राहिला. "वहिनी, नाक गळून पडलं, पण बाबा घावले!" हा त्याचा मेसेज आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये दोन्ही हात वर करून "पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!" असा गजर केला. पलीकडच्या टेबलावरच्या बिहारी पोरांनीही सवयीनं "विठ्ठल" म्हटलं.

पार्सल यायची वेळ आणि गावचा हरिनाम सप्ताह एकाच आठवड्यात गाठ पडले. कंपनीच्या गेटवर खासगी पार्सल घेत नाहीत, त्यामुळं पत्ता घरचा. मी आत्याबाईंना समोर बसवलं.

"आत्याबाई, जपानहून माझं पार्सल येईल. जिवापाड सांभाळा. सप्ताहाची गर्दी, घरात गाव येणार-जाणार. कुणाचा हात लागता कामा नये."

"लागंल कसा? माझ्या परातीगत जाऊ द्येते व्हय मी?"

"आणि खोक्याला कात्री अजिबात लावायची नाही."

"न्हाई लावत. तू निर्धास्त जा."

मी निर्धास्त गेले! केवढी मोठी चूक!

आमच्या लाइनवर फोन चालत नाही. पाळी सुटली, लॉकर उघडलं, तर विक्रमचा मेसेज: 'पार्सल आलं. काळजी करू नको.' आमचे हे 'काळजी करू नको' म्हणाले की मी आधी चपला शोधते. लगेच आत्याबाईंना फोन लावला.

"आत्याबाई, पार्सल आलं?"

"आलं की गं! तुजा बाबा लई ग्वाड हाय!"

"गोड आहे ते... तुम्हाला कसं कळलं?"

"बघितला न्हवं! पार्सलवाला म्हनला, आजी, उघडून बघा, मागनं फुटलंतुटलं निघालं तर आमच्यावर न्हाई. मंग घेतली इळी आन् टराटरा—"

"विळीनं?"

"कात्री लावू नगा म्हनली व्हतीस न्हवं का! समदं ध्यानात हाय माझ्या!"

मी लॉकरचं दार धरलं. "बरं. आता बाबा कुठं आहेत?"

"सांभाळून ठिवल्यात. काय काळाठिक्कर पडला व्हता गं! ह्या जपानवाल्यांना येवढाल्या मशिनी बनवाया येत्यात, आन् पितळ घासाया येत न्हाई? आता बघ कसा लखलखीत—"

"लखलखीत?!"

मी अशी किंचाळले, की सिक्युरिटीवाल्यानं अपघात झाला समजून गेट बंद केलं! ते उघडवून घेण्यात बस जवळजवळ सुटत होती. फोनवर तोवर सप्ताहाच्या भोंग्याचा गजर सुरू झाला होता, त्यात आत्याबाई बुडाल्या.

बसनं तळेगावला सोडलं. पुढं राहूची जीप, आणि जीपच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर. सासरी निघालेली नवरीसुद्धा इतकी सावकाश जात नसेल! मी मागच्या सीटवर मुसमुसत होते. ड्रायव्हरला दया आली.

"ताई, घरी कुनी सिरियस हाय का?"

"हो. बाबा."

"आरारा! वय काय?"

"सकाळी शंभर होतं हो... आता तेवढं राहिलेलं नाही!"

त्यानं आरशातून एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि शेतातून जीप घालून ट्रॅक्टरच्या पुढं काढली. उतरताना भाडंही घेईना. म्हणाला, "नीट जावा, ताई."

घर सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. सगळे मंडपात. मोरीपाशी काथ्या पडलेला, मिठाची वाटी, चिंचेचा चोथा, आणि एका पातेल्यात हिरवट-तपकिरी पाणी. त्या कारागिरानं चढवलेलं शंभर वर्षांचं ऊनपाऊस त्या पातेल्यात उतरलं होतं! पातेल्यावर अर्थातच आबांचं नाव.

मी पातेल्याला नमस्कार केला आणि मंडपाकडं धावले. वाटेत आचाऱ्यांच्या चुली. आमचे पोपटमामा बुंदी पाडत होते आणि डाव्या हातानं चुलीला वारा घालत होते. कशानं? सोनेरी अक्षरांच्या काळ्या पुठ्ठ्यानं!

"पोपटमामा! ते माझ्या खोक्याचं झाकण!"

"ह्ये व्हय? लई कडक पुठ्ठा हाय, ताई! दुपारधरनं वारा घालतोय, जरा म्हनून वाकला न्हाई. जपानी मालाची बातच येगळी!"

कोपरा दबला तर वस्तू वारली म्हणणारी मी, आणि इथं चारी कोपरे तुपात तळून निघालेले! बोलून कुणाला कळलं असतं?

मंडपाच्या तोंडाशी विक्रम दिसले. गळ्यात वीणा. सप्ताहात वीणा अहोरात्र उभी असते. ती खाली टेकवायची नाही, नाम थांबवायचं नाही, पुढचा वीणेकरी येऊन गळ्यात घेईल तेव्हाच सुटका. म्हणजे माझा नवरा त्या क्षणी देवाच्या ताब्यात होता.

"अहो! माझे बाबा कुठायत?"

"रामकृष्णहरी... व्यासपीठावर... रामकृष्णहरी."

"व्यासपीठावर? कुणी नेले?"

"रामकृष्णहरी... आबांनी... आबा म्हनले, ह्यो तर आपलाच वीणेकरी... जय जय रामकृष्णहरी."

"आणि तुम्ही नेऊ दिले?"

त्यांनी वीणा जराशी उचलून दाखवली. डोळ्यांत अगदी पाणी. "दुपारधरनं उभा हाय... रामकृष्णहरी... पुढचा गडी आलाच न्हाई... रामकृष्णहरी... आन् सुलक्षणा... रामकृष्णहरी... अमजदचाचांकडं जाऊ नको... जय जय रामकृष्णहरी!"

इतकं सांगितल्यावर कोण थांबेल? अमजदचाचा मंडपाच्या फाटकाशी त्यांचं यंत्र घेऊन बसले होते. चाचा म्हणजे रिजवानचे वडील. आठवडा बाजारात भांड्यांवर नावं घालतात, आणि सप्ताहात पंगतीची भांडी मिसळू नयेत म्हणून दरवर्षी आमच्या गावाला येतात. मला बघताच चेहरा फुलला.

"ये पोरी, ये! तुजंच काम करून बसलोय बघ!"

"माझं कसलं काम, चाचा?"

"पुतळाबाई मूर्ती घिऊन आली. म्हनली, रिजवाननं धाडलीया, सप्ताहात कुनी उचलून नेईल, नाव घाला. माझ्या लेकानं धाडल्याली चीज, मंग पैसं घेईन व्हय मी? फुकट घातलं! आन् आसं तसं न्हाई. भांड्यावर आपलं वरवर घालतो. ह्येच्यावर खोल घातलंय, खोल! तुजी नातवंडं वाचतील!"

"कुठं घातलंत, चाचा?"

"बुडाशी. तितं कुनीतरी बारीक आकडं गिरबटल्यालं व्हतं. आदी ते घासून सपाट केलं, मंग काय झकास जागा निघाली!"

मी तिथल्याच पातेल्यांच्या चळतीवर बसले. रंग गेला, खोकं गेलं, नंबर गेला. ज्या तिघांनी बाबांची वाट लावली, त्यांतल्या एकालाही दोन शब्द सुनवावेत अशी सोय नव्हती. सासूबाईंनी सांभाळले होते, सासऱ्यांनी मान दिला होता, चाचांनी पैसे घेतले नव्हते! नाव कुणाचं घातलं, हे विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरात पितळेवर एकच नाव पडतं.

तेवढ्यात पखवाजावर थाप पडली.

आता खरं सांगते. माणूस मेल्यासारखं झालं असलं तरी पखवाज वाजल्यावर माझे पाय घराकडं वळत नाहीत. मी जाऊन बायकांत बसले. व्यासपीठावर फुलांची आरास, आराशीच्या मधोमध पाट, पाटावर माझं कापडी बांधणीचं पुस्तक हळदकुंकू लावून, पुस्तकावर गेनबोबाबा. गळ्यात झेंडूचा हार, कपाळी गंध-बुक्का, आणि अंगावर अशी झळाळी की सराफाच्या दुकानातून पळून आलेत! पायाशी फोडलेला नारळ. नारळाचं पाणी पुस्तकाच्या दिशेनं ओघळत निघालं होतं. मी जागच्या जागी पदर पिळला, जणू त्यानं ते पाणी थांबणार होतं.

आबांनी माइक हाती घेतला. "मंडळी, आमच्या सूनबाईंनी खास जपान देशातून संतांची मूर्ती मागवली. सप्ताहासाठी." टाळ्यांचा कडकडाट! शेजारच्या धुरपदाकाकूंनी माझ्या पाठीत असा प्रेमाचा धपका मारला की माझी मान डोलली, आणि सगळ्यांना वाटलं मी होकार दिला.

महाराज तरुण होते. आवाज असा, की शिवारातला ऊस उभ्या उभ्या पिकावा. त्यांनी मूर्तीकडं टक लावून पाहिलं.

"मारुतराव, ह्या संतांचं नाव काय?"

आबांनी टोपी पुढं-मागं केली. "नाव... सूनबाईंना ठाऊक."

सगळा मंडप माझ्याकडं वळला. धुरपदाकाकूंनी काखेत हात घालून मला उभंच केलं.

"गे... गेनबोबाबा."

"बोला, गेनबोबाबा महाराज की—"

"जय!" दीड-दोन हजार माणसं! भोंग्यावरून ते पार नदीपल्याड गेलं असेल.

"काय करायचे बाबा, ताई?"

काय सांगायचं? सांगितलं जे वाचलं होतं ते. "गावोगाव हिंडायचे, महाराज. गाऊन गोष्ट सांगायचे. भांडणं मिटवायचे. आणि वाढलेला भात तेवढा खाऊन पुढं निघायचे."

महाराजांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांना कीर्तन सापडलेलं होतं. आम्हा ऐकणाऱ्यांना ते बरोबर कळतं!

"बघा गं माय! गाठोडं कुठाय बाबांचं? पाठीला! आन् वीणा? छातीला! म्हंजी संसार मागं आन् नाम पुढं. आता आपलं बघा. संसार छातीला धरलाय घट्ट, आन् नाम कुठं ठिवलंय?"

"गाठोड्यात!" आम्ही बायका एका सुरात.

"आन् गाठोडं कुठाय?"

"माळ्यावर!" धुरपदाकाकू.

मंडप हसून कोसळला. मीही हसले! माझा जीव जात होता आणि हात टाळ्या वाजवत होते. महाराज पुढं निघाले. "मारुतराव म्हनले, मूर्ती आली तवा काळी व्हती. घासली, तवा तेज आलं. माऊली, मानसाचं तरी दुसरं काय हाय?" वा! काय दृष्टांत! माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी आतून कुणीतरी टाहो फोडत होतं, की महाराज, त्या काळेपणासाठीच रिजवान थंडीत उभा होता हो! गेल्या दहा वर्षांत इतकं रंगलेलं कीर्तन मी ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्याच घराला लागलेल्या आगीच्या उजेडात चाललं होतं.

शेवटाकडं महाराजांनी मूर्ती उचलली. उघड्या हातानं! बूड वर केलं. "ह्येच्यावर तर नाव हाय की. कुनाची सेवा, ते गावाला कळू द्या."

मी मनातल्या मनात आधीच वाचलं: मारुतराव स. नवले, राहू.

महाराजांनी मोठ्यानं वाचलं: "सौ. सुलक्षणा विक्रम नवले, राहू."

मला आधी वाटलं, गावात माझ्या नावाची दुसरी कुणी आलीय. मग पुढच्या ओळीत बसलेल्या आत्याबाईंनी वळून पाहिलं आणि हळूच मान हलवली. 'घातलं बरं का' अशी.

आणि मला रडू फुटलं. हमसून हमसून! कशाचं ते अजून नक्की सांगता येत नाही. निम्मं नंबरासाठी असेल, निम्मं नावासाठी.

"बघा!" महाराज माइकमध्ये गहिवरले. "ह्येला म्हनत्यात आर्त!"

मला व्यासपीठावर बोलावून शाल, नारळ आणि तांब्या देऊन सत्कार झाला. तांब्या हातात घेऊन पाहिला. 'मारुतराव स. नवले, राहू.' आमच्याच घरून पाणी पाजायला नेलेला!

घरी परतताना मूर्ती मी पदरात घेतली होती. आत्याबाई शेजारून चालत होत्या.

"लई रडलीस गं?"

"आत्याबाई, नाव माझं का घातलंत?"

"मंग कुनाचं? तुजी वस्तू. ह्या घरात आल्याव माझं नाव कुटं पडलं न्हाई, परातीवरबी न्हाई. परात गेली. तुजं तरी ऱ्हावं."

आता ह्यावर भांडायचं कसं, ते कुणाला येत असेल तर त्यानं भांडावं. मला आलं नाही.

पण रिजवान राहिला होता ना! नाक गाळून उभा राहिलेला माणूस. दुसऱ्या दिवशी त्याचाच व्हिडिओ कॉल आला.

"वहिनी, दाखवा की बाबा! कवाधरनं वाट बघतोय."

विक्रम घोंगडीत पाय गुंडाळून पडले होते. वीणेनं त्यांचे पाय सुजले होते. त्यांनी मला बोटानं 'फोन बंद कर' अशी खूण केली. मी देवाचं नाव घेतलं आणि मूर्ती फोनपुढं धरली.

पलीकडं रिजवाननं डोळे चोळले. मग, "ही... कुठली?"

"तीच, रिजवानभावजी. आत्याबाईंनी घासली. चिंचेनं." म्हटलं, आता सगळंच सांगून टाकावं. "आणि नंबर खरवडून चाचांनी नाव घातलंय." मी बूड वळवलं.

"थांबा! जवळ आना! आनखी जवळ!" त्यानं पडद्याला नाक लावलं. "ह्यो 'ल'चा वळसा... शेवटाला वेल... अब्बांचं अक्षर! वहिनी, माझ्याकडं हितं एकच डबा हाय अब्बांच्या अक्षराचा. रोज घासताना बोट फिरवतो त्याच्यावरनं. आता ते पुसट व्हाया लागलंय."

"माफ करा हो. तुम्ही एवढे थंडीत—"

"ते सोडा! ऐका. दुकानात मानशी दोन देत व्हते. तुमच्या नादानं मी माझ्यासाठी बी एक घेतली. तशीच हाय, कोरी, खोकं बी उघडल्यालं न्हाई. अदलाबदल करू? माझी तुम्हाला, ही मला."

"पण ह्याच्यावर माझं नाव आहे!"

"नाव कुनाचं का आसंना. अक्षर अब्बांचं हाय."

माझा आनंद काय वर्णावा! कोरे, काळपट, नंबरवाले गेनबोबाबा! आमची मूर्ती मी कापसात गुंडाळून नागोयाला रवाना केली. पार्सल बांधताना आत्याबाई बघत उभ्या होत्या. "तुज्या नावाची चीज देऊन टाकलीस?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला जरा चुटपुट लागली, नाही असं नाही. पण नवं पार्सल येणार होतं ना!

ह्या खेपेला मी काही कसर ठेवली नाही. विळी माळ्यावर टाकली. काथ्या फेकून दिला. चिंचेची बरणी कपाटात, गेनबोबाबांच्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि कुलूप लावलं! सप्ताह उरकलेला, मंडप उतरलेला, आबांना बजावलेलं. देवापुढं हात जोडून म्हटलं, फक्त माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊ दे.

देवालाही सुट्टी असते. परवा पाळी सुटली, लॉकर उघडलं, तर विक्रमचा मेसेज: 'पार्सल आलं. काळजी करू नको.'

मी धावत घरी आले तर अंगणात आत्याबाई बसलेल्या, शेजारी अमजदचाचा चहा पीत होते, आणि मध्ये पाटावर गेनबोबाबा. असे लखलखीत, की डोळ्यांपुढं हात धरावा लागला!

"आत्याबाई! चिंच तर कुलपात होती!"

"तेच की! शोधशोध शोधली, घावंना. मंग लिंबानं घासला. लिंबानं तर जास्त उजाळतंय गं!"

मी चाचांकडं पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला. "पुतळाबाईनं खास फोन करून बोलावलं. म्हनली, पोरीनं तिच्या नावाची मूर्ती आमच्या रिजवानला दिली, मंग तिच्याकडं का बिननावाची ऱ्हावी? माझ्या लेकासाठी येवढं केलंस तू! ह्या बारीला आदीपरीस खोल घातलंय."

जगात गेनबोबाबा तीनशे. त्यांतले दोन लखलखीत आहेत, एक राहूला, एक नागोयाला, आणि दोन्हींवर माझंच नाव आहे. कपाटाला हल्ली मी कुलूप लावत नाही. आता कुणी नेले, तरी नाव दाखवता येईल!